शेण आधी पिळायचं की गॅस काढून मग? २६ गाईंचा गोठा आहे, सल्ला हवा

प्रवराकाठ
नमस्कार मंडळी,
संगमनेर तालुक्यात आमचा गोठा आहे. २६ एचएफ गाई आणि १० कालवडी. वडिलांनी २ घनमीटरचा दीनबंधू (पक्क्या घुमटाचा गोबरगॅस प्लांट, रोज २ घनमीटर गॅस देणारा) बांधला तेव्हा दावणीला चारच जनावरं होती. तो डोम अजून चालतो, घरचा स्वयंपाक त्यावरच होतो. पण आता रोजचं शेण निघतं ७०० किलोच्या आसपास आणि डोममध्ये जातं जेमतेम ५०. बाकी सगळं उकिरड्यावर. पावसाळ्यात उकिरड्याचा काळा ओघळ शेजारच्या विहिरीकडे उतरतो. गेल्या श्रावणात शेजारचे काका त्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेऊन आले. भांडले नाहीत, काही बोललेही नाहीत, बाटली ओट्यावर ठेवून गेले. ती बाटली अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

म्हणून यंदा मोठा बायोगॅस करायचाच, असं ठरवलंय. मागच्या आठवड्यात मशीन विकणारे एक गृहस्थ येऊन गेले. त्यांचं म्हणणं असं की गोठा धुतलेलं शेणपाणी एका हौदात घ्या, स्क्रूच्या मशीनने चोथा पिळून काढा, चोथा खत म्हणून विका आणि खालचं पातळ पाणी बायोगॅसला सोडा. टाकी तुंबत नाही, वर साय धरत नाही. मशीनची किंमत ऐकून आई गप्पच झाली. माझा प्रश्न एवढाच आहे : चोथ्याबरोबर गॅसही निघून जात नाही का? पिळायचंच असेल तर आधी की नंतर?

कडबाकुट्टी
आधी गॅस, मग पिळणं. रस न काढता ऊस चुलीत घालतं का कोणी?

माळावरचा
वाचतोय. आमचाही हाच घोळ चाललाय, १८ गाई आहेत.

निरेकाठचा
कडबाकुट्टी, इतकं सरळ नाहीये ते. माझ्याकडे लहानमोठी धरून दीडशे जनावरं आहेत आणि मी आधीच पिळतो. कारण सांगतो. आमचा गोठा पाण्याच्या लोटाने धुतला जातो, त्यामुळे हौदात येतं ते शेण नसतंच, शेणाचं गढूळ पाणी असतं. सुरुवातीला तसंच टाकीत सोडलं. सहा महिन्यांत मक्याची बुंधं, कडब्याच्या कांड्या, गव्हाणीतून पडलेली कुट्टी वर तरंगून एवढी जाड साय धरली की बांबूने टोचलं तरी फुटेना. खालून गॅस येतोय पण वर निघायला वाट नाही. टाकी उपसायला आठ दिवस लागले. त्यानंतर मशीन घेतलं. चोथा हातात घेतला तर ओला भुस्सा वाटावा असा सुटसुटीत निघतो, वास जवळपास नाही. त्याचं कंपोस्ट करतो आणि डाळिंबवाले घेऊन जातात. टाकी पुन्हा तुंबलेली नाही.

प्रवराकाठ
निरेकाठचा दादा, गॅस कमी झाला का पण?

निरेकाठचा
झाला. खोटं कशाला सांगू. पण माझा हिशोब खताचा आणि पाणी फिरवून वापरण्याचा होता, गॅस दुय्यम. तुमचा हेतू काय, ते आधी ठरवा.

सूक्ष्मजीव
मी हा विषय कॉलेजात शिकवते, शिवाय माहेरी गोठा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताज्या शेणात साधारण ८० टक्के पाणी असतं. बाकीचे १८-२० टक्के कोरडे पदार्थ, आणि गॅस होतो तो त्यांच्यातल्या सेंद्रिय भागापासून, पाण्यापासून नाही. शेणात बरोबरीने पाणी कालवलं की घन पदार्थ ८ ते १० टक्क्यांवर येतात. आपल्याकडचे दीनबंधू आणि तरंगत्या टाकीचे प्लांट याच प्रमाणासाठी आखलेले आहेत. एक किलो शेणापासून साधारण ४० लिटर गॅस धरतात. २ घनमीटरला ५० किलो शेण, हा वडिलांच्या डोमचा हिशोब तिथूनच आलाय.

आता स्क्रू प्रेस काय करतो ते बघू. बारीक जाळीच्या नळीत मळसूत्र फिरतं आणि शेण पुढे रेटतं. तोंडाशी चोथ्याचाच बोळा बसतो, त्या दाबाने पाणी जाळीतून बाहेर येतं. चोथ्यात जातो तो लांब धागा, म्हणजे सेल्युलोज आणि लिग्निन. लिग्निनला आपले जिवाणू हातसुद्धा लावत नाहीत. सेल्युलोजचा मात्र गॅस होतो, फक्त सावकाश. म्हणजे चोथा आधी काढला तर गॅसचा मोठा वाटा जातो, पण चोथ्याच्या वजनाइतका नाही. कडबाकुट्टी आणि निरेकाठचा, दोघांचंही खरं आहे ते यामुळे.

आणखी एक. पुष्कळांना वाटतं की पिळलं म्हणजे खताचा सगळा कस चोथ्यात आला. तसं होत नाही. अमोनियाच्या रूपातलं नत्र पाण्यात विरघळलेलं असतं, ते पाण्याबरोबरच जातं. स्फुरद बारीक कणांना चिकटलेलं असतं आणि ते कण जाळीतून निसटतात, म्हणून त्याचाही मोठा भाग पातळात जातो. पालाशही तिकडेच. चोथ्यात राहतो तो सेंद्रिय कर्ब. जमिनीला तोही हवाच, पण विक्रेते म्हणतात तसं ‘सगळं खत चोथ्यात’ हे बरोबर नाही.

चुलीतून सुटका
सूक्ष्मजीवताई, छान सांगितलंत. मी फक्त स्वयंपाकघराकडून लिहिते. माझ्या सासरी बारा वर्षांपासून गोबरगॅस आहे. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंचे डोळे धुराने कायम लाल असायचे. आता भाकरी गॅसवरच होते. पण ज्योत मधेच भकभक करून विझायला लागली तर प्लांट बिघडला असं समजू नका. पाईपात पाणी साचलेलं असतं. पाईपाला उतार ठेवा आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायची तोटी बसवा. आमच्याकडे ती तोटी दर रविवारी धाकटी लेक उघडते, पेलाभर पाणी निघतं. आणि शेगडी गोबरगॅसचीच घ्या. सिलिंडरच्या शेगडीची भोकं बारीक असतात, तिच्यावर ज्योत धड लागत नाही.

माळावरचा
तोटीचं कोणी सांगितलंच नव्हतं! आज बघतो.

म्युनिकचा पाव्हणा
मूळचा सांगलीचा, हल्ली बव्हेरियात असतो. इथले गोठे जवळून बघतो. जर्मनीत २००० साली अक्षय ऊर्जेचा कायदा आला आणि बायोगॅसच्या विजेला ठरलेला दर मिळू लागला. त्यानंतर गावोगावी हिरवे घुमट उभे राहिले. पण शेणाबरोबर मक्याचं मुरघासही टाकीत भरपूर जायला लागलं, नजर जाईल तिथवर मकाच मका, त्यावरून लोक पुढे चिडलेही.

पिळण्याचं म्हणाल तर इथे बहुतेक ठिकाणी मशीन टाकीच्या नंतर बसवलेलं दिसतं. त्याचं कारण मात्र इथलं आहे. हिवाळ्यात शेतात स्लरी (टाकीतून निघणारं पातळ शेण) टाकायला बंदी असते, महिनोन्‌महिने साठवून ठेवावी लागते. चोथा काढला की साठवणीची टाकी तेवढी लहान चालते. काही जण गॅस होऊन गेलेला चोथा गाईंच्या खाली अंथरतात. आपल्याकडे दमट हवेत तो प्रयोग सांभाळून करा. अंथरूण ओलं राहिलं तर कासेला दगडी (कासदाह) होते. इथलं मशीन चांगलं आहे म्हणून आपल्यालाही हवंच, असं समजू नका. आपल्याकडे बारा महिने कुठल्या ना कुठल्या वावरात स्लरी जाऊ शकते.

कडबाकुट्टी
पाव्हणं, मका घालून गॅस करायचा आणि दूध प्यायला गाय नाही, असं झालं की हे!

म्युनिकचा पाव्हणा
गाई आहेत हो, पण तुमचं बोलणं इथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना पटेल. तेही हेच म्हणतात.

सह्यकडा
मूळ मुद्द्यावर येतो. प्रवराकाठ, गोठा धुवायला रोज किती पाणी जातं?

प्रवराकाठ
मोजलं नव्हतं. आज मोजलं. दोन वेळचं मिळून ३ हजार लिटर. पाईप लावून शेण थेट गटारीत ढकलतो आम्ही.

सह्यकडा
मग तुमचा खरा प्रश्न मशीनचा नाहीच. हिशोब बघा. ७०० किलो शेणात कोरडा पदार्थ साधारण १२६ किलो. तो ३,७०० किलो शेणपाण्यात पसरला म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आत आला. आपल्या हवेत शेण टाकीत ४० दिवस राहायला हवं. ३.७ घनमीटर गुणिले ४० म्हणजे १४८ घनमीटरची टाकी. तेच शेण बरोबरीच्या पाण्यात कालवून घातलं तर रोज १.४ घनमीटर, टाकी ५६ घनमीटर. गॅस दोन्हीकडे तेवढाच, २८ घनमीटरच्या आसपास. म्हणजे जास्तीची ९२ घनमीटर टाकी तुम्ही नुसत्या पाण्यासाठी बांधणार. आणि लहान टाकीतच तेवढं पाणी घातलंत तर शेण १५ दिवसांत बाहेर पडेल, अर्धं कच्चंच.

शेण आणि पाणी एकत्र झाल्यावर वेगळं करायला लाखांचं मशीन लागतं. एकत्र होण्याआधी वेगळं ठेवायला रबराची पट्टी लावलेला फावडा पुरतो. आधी कोरडं शेण ओढून घ्या, ते टाकीत. मग धुवा. ते धुण्याचं पाणी वेगळ्या नाल्याने दोन कप्प्यांच्या हौदात घ्या, निवळलं की घासाला सोडा. शेण कालवायलाही तेच निवळलेलं पाणी वापरता येईल.

निरेकाठचा
सह्यकडा, हे पटलं. दीडशे जनावरांना माणसं मिळत नाहीत म्हणून मी लोटाने धुतो. २६ गाई असत्या तर मीही फावडाच धरला असता.

चुलीतून सुटका
फावडा कोण ओढणार तेही आत्ताच ठरवा बरं का. बहुतेक घरांत तो घरच्या बाईच्या हातात येतो. पट्टी रुंद घ्या आणि दांडा छातीपर्यंत येईल एवढा लांब, वाकावं लागता कामा नये.

प्रवराकाठ
ताई, बरोबर बोललात. सकाळचं शेण मी ओढीन, संध्याकाळचं धाकटा भाऊ. आईला यात घालायचं नाही.

मोकळा गोठा
आमचा मुक्त संचार गोठा. मातीच्या जमिनीवर गाई मोकळ्या, शेण उचलायचं दोन-तीन महिन्यांनी. गाई आनंदी, मजूर कमी. इथे बायोगॅस जमेल का?

सूक्ष्मजीव
मोकळ्या भागातलं शेण वापरू नका. त्यात माती मिसळलेली असते, शिवाय उन्हात वाळलेलं आणि अर्धं कुजलेलं असतं, गॅस आधीच उडून गेलेला असतो. माती टाकीच्या तळाशी बसते आणि दरवर्षी टाकीची जागा खात जाते. गव्हाणीजवळचा कोबा आणि दूध काढायची जागा, तिथलं ताजं शेण तेवढं घ्या. गाई बराच वेळ गव्हाणीपाशीच उभ्या असतात, त्यामुळे तिथेही भरपूर मिळतं.

वेगळं काढायचं म्हणजे खरं तर हेच. माती, खडे, दावणीच्या दोऱ्या, व्यालेल्या गाईची वार, प्लॅस्टिक. कालवण्याच्या हौदाचा तळ टाकीच्या नळापेक्षा वीतभर खोल ठेवा. कालवलं की पाच मिनिटं थांबा आणि मगच बूच काढा. खडे त्या खोलगट भागात राहतात, आठवड्याने घमेल्याने उपसायचे.

खानदेशी
एक कळकळीची गोष्ट सांगतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागात एका गोठ्यावर स्लरीच्या बंद हौदात बादली पडली. पोरगा काढायला उतरला आणि तिथेच कोसळला. त्याला काढायला त्याचा चुलता उतरायला निघाला. मी तिथे होतो, त्याला कमरेला मिठी मारून धरला. पोरगा राहिला नाही. २२ वर्षांचा होता. मशीन, टाकी, खत यांवर सगळे बोलतात, पण यावर कोणी बोलत नाही म्हणून लिहिलं.

सूक्ष्मजीव
खानदेशी दादा, लिहिलंत ते फार बरं केलंत. शेणाच्या गॅसमध्ये मिथेन साधारण ५५ ते ६० टक्के, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि थोडासा हायड्रोजन सल्फाइड. हा शेवटचा, सडक्या अंड्याच्या वासाचा, हवेपेक्षा जड असतो आणि हौदाच्या तळाशी साचतो. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं, वास यायचाच बंद होतो, आणि माणसाला वाटतं धोका टळला. स्लरी ढवळल्यावर तर तो एकदम बाहेर पडतो. बंद हौदात कोणीही उतरायचं नाही, आत कोणी पडलं तरीही नाही. बादली जाऊ द्या. झाकणाला कुलूप लावा आणि उपसायचं काम पंपाने वरूनच करा.

माळावरचा
हे वाचून हात थरथरला. आमच्या हौदाला झाकणच नाही. उद्याच फरशी टाकतो.

जुनं पान
गोबरगॅसचा आपल्या भागाशी जुना संबंध आहे म्हणून थोडं विषयांतर करतो. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस काढला होता. जशभाई पटेलांनी तरंगत्या टाकीचा प्लांट १९५०च्या दशकात बसवला आणि पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने तो गावोगावी नेला. आमच्या आजोळी ती लोखंडी टाकी होती. गॅस भरला की वर यायची, स्वयंपाक झाला की खाली बसायची. आजी टाकी बघून सांगायची की आज पुरणपोळी होईल का नुसता वरणभात. टाकी गंजायची आणि महाग पडायची, म्हणून मग पक्क्या घुमटाचे प्लांट आले. दीनबंधू १९८४चा. आणि देहूच्या डॉ. मापुसकरांनी तर संडासाला गॅसची जोड देऊन गावाचं आरोग्य सुधारलं. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

चुलीतून सुटका
टाकी बघून पुरणपोळी ठरवणारी आजी! फार आवडलं.

सह्यकडा
२८ घनमीटर गॅसचं करणार काय, तेही बघा. घरच्या स्वयंपाकाला २-३ घनमीटर पुष्कळ झाले. उरलेल्यावर जनरेटर चालवला तर घनमीटरला दीडेक युनिट वीज धरा, म्हणजे दिवसाला ३५-४० युनिट. कुट्टी मशीन, दूध काढायचं मशीन, पाण्याची मोटार त्यावर चालेल. पण इंजिनाआधी सल्फाइड काढलाच पाहिजे. गंजलेल्या लोखंडी किसाने भरलेल्या ड्रममधून गॅस सोडतात. गंज सल्फाइड धरून ठेवतो. कीस काळा पडला की ओला करून हवेत पसरायचा, मात्र थोडा थोडा आणि वाळक्या चाऱ्यापासून लांब, कारण तो तापतो. हे टाळलंत तर इंजिनाचं तेल खराब होतं आणि बेअरिंग खाल्ली जातात.

माळावरचा
वीज नको असेल तर शेणच विकता येईल की. गुजरातेत बनासकांठ्यात डेअरी शेतकऱ्यांकडून शेण घेऊन सीएनजी करते, १ रुपया किलो दर देते म्हणतात.

सह्यकडा
गोठ्याजवळ तसा प्रकल्प असेल तर चांगलंच. पण शेणात ८० टक्के पाणी असतं, लांब नेलं तर गाडीभाडं पाण्याचंच भरतोय आपण. मला आणंद जिल्ह्यातल्या झकरियापुऱ्याची पद्धत जास्त भावली. घरोघरी लहान प्लांट, गॅस ज्याचा त्याच्या घरात आणि जास्तीची स्लरी बायकांची संस्था गोळा करते.

प्रवराकाठ
मंडळी, पंधरा दिवसांनी येतोय. दोन गोष्टी करून बघितल्या.

पहिली. १० किलो ताजं शेण पत्र्यावर पातळ पसरून कडकडीत वाळवलं. १ किलो ८०० ग्रॅम भरलं. दुसरं १० किलो तेवढ्याच पाण्यात कालवून डासांच्या जाळीच्या फडक्यातून पिळलं. मी एका बाजूने, भाऊ दुसऱ्या बाजूने, रविवारच्या श्रीखंडाचा चक्का पिळावा तसं. चोथा वाळवला तर ९०० ग्रॅम. अर्धा माल फडक्यात राहिला! सूक्ष्मजीवताईंनी सांगितलंय की त्या सगळ्याचा गॅस होत नाही, पण हा अर्धा भाग टाकीत न घालता बाहेर काढायचा माझ्याच्याने होणार नाही. पिळलेलं पाणी बादलीत रात्रभर ठेवलं होतं. सकाळी तळाशी बोटाच्या पेराएवढा वाळूचा थर होता. चारा मातीवर आपटून घालतो आम्ही, तीच माती.

दुसरी. फावड्याने शेण ओढून मग धुवायला लागलो. ३ हजार लिटरचं पाणी ११०० वर आलंय. वेळ वीस मिनिटं जास्त लागतो.

म्हणजे आधी पिळायचं नाही, हे ठरलं. आता गॅस होऊन गेलेली स्लरी पिळायची का, ते विचारतो.

सूक्ष्मजीव
प्रयोग किती नेटका केलात! मुलांना वर्गात दाखवणार आहे मी.

स्लरी शेतापर्यंत पाटाने किंवा टँकरने जात असेल तर पिळायची गरज नाही. ठिबकमधून द्यायची असेल तर मात्र गाळावीच लागेल. एक ध्यानात ठेवा. गॅस होऊन गेल्यावर नत्राचा जास्त भाग अमोनियाच्या रूपात येतो. पिकाला तो लगेच लागू पडतो, पण उन्हात उघड्यावर पसरलात तर तितक्याच लवकर उडून जातो. संध्याकाळी द्या, पाण्याबरोबर द्या, सरीत द्या. खड्ड्यात वाळवत ठेवू नका. पाचटावर ओतली तर पाचट लवकर कुजतं आणि नत्रही थोडं धरून ठेवलं जातं.

निरेकाठचा
ठिबकसाठी माझ्या अनुभवाने सांगतो. मशीनचं पाणीसुद्धा थेट ड्रिपला जात नाही. निवळ हौद, मग वाळूचा फिल्टर, मग जाळीचा, आणि सोडून झाल्यावर अर्धा तास साधं पाणी. नाहीतर ड्रिपर गेलेच.

आणि एक राहिलं. खुरांसाठी मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) पाणी वापरता ना? ते, फिनेल आणि दूध काढायच्या मशीनचं ॲसिड-सोड्याचं पाणी टाकीकडे जाऊ देऊ नका. माझ्याकडे नव्या गड्याने मोरचुदाचा हौद गटारीत उलटवला होता. गॅस पूर्ववत व्हायला महिना गेला.

प्रवराकाठ
मोरचूद वापरतो! बरं झालं सांगितलंत, तो उतार वेगळा काढतो.

रोज २५ घनमीटर गॅस देणारा एक डोम घेतोय. सगळं शेण त्यात मावणार नाही, पण वडिलांचा जुना डोमही चालूच ठेवणार आहे. जागा उकिरड्याचीच आहे, विहिरीपासून ९० फुटांवर. काकांना बोलावून जागा दाखवली. ते म्हणाले, “स्लरीचा हौद माझ्या बांधाकडे कर, मलाही ऊस आहे.” खड्डा पुढच्या आठवड्यात घेतोय.

सह्यकडा
खड्ड्याला पाणी लागलं तर काम थांबवा आणि मला कळवा. रिकामा डोम भूजलाने उचलला जातो. गवंडी दीनबंधू बांधलेलाच बघा, घुमटाच्या आतल्या गिलाव्यावर सगळं अवलंबून असतं. मी रविवारी राहुरीला येतोय. तिथून तुमच्याकडे येऊ शकतो, पत्ता निरोपात पाठवा.

प्रवराकाठ
पाठवला. जेवायलाच या. जुन्या डोमच्या गॅसवर आई पिठलं-भाकरी करेल.